तीन खेपा, वीस दिवस आणि एक पत्र

नव्या गाडीत बिघाड निघाला की घरात पहिली चर्चा रंगते ती नेमकं बिघडलंय काय याची. कुणी म्हणतं गिअरबॉक्स, कुणी म्हणतं सॉफ्टवेअर, भारतातून फोनवर मामाही आपलं निदान सांगतात. अमेरिकेतल्या लेमन लॉला या चर्चेशी देणंघेणं नाही. बिघाडाचं मूळ शोधणं हे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं काम, असं हा कायदा धरून चालतो. ग्राहकाला तो तीनच गोष्टी विचारतो. तक्रार घेऊन गाडी कितीदा नेली? ती दुरुस्तीसाठी किती दिवस अडकून पडली? आणि एवढं होऊन बिघाड अजून आहे का? या तिन्हींची उत्तरं कागदावर असतील, तर वॉरंटीतली सदोष गाडी परत देऊन पैसे मागण्याचा दावा उभा राहतो. कागद नसतील तर गाडी कितीही वाईट असली तरी तो उभा राहत नाही. म्हणूनच या दाव्याची खरी तयारी वकिलाच्या ऑफिसात होत नाही. ती सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, पहिल्या खेपेलाच सुरू होते.

कायद्यात असे आकडे आले कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात १९७० साली सॉन्ग-बेव्हर्ली कायदा झाला. वॉरंटीतली वस्तू वाजवी प्रयत्नांनंतरही दुरुस्त झाली नाही तर ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, हे तत्त्व त्यात होतं. १९७५ साली केंद्राचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आला. दोन्ही कायदे चांगले होते, पण 'वाजवी' म्हणजे किती, यावर घोडं अडायचं. पाचव्या खेपेलाही कंपनी म्हणायची, अजून एक संधी द्या. ग्राहक थकायचा, हप्ते भरत राहायचा आणि शेवटी पडेल त्या किमतीला गाडी काढून टाकायचा. १९८२ साली कनेटिकट राज्याच्या विधिमंडळात जॉन वुडकॉक या तरुण आमदाराने नवा कायदा आणून ही कोंडी फोडली. एकाच बिघाडासाठी चार खेपा किंवा एकूण तीस दिवस गाडी बंद, एवढं झालं की वाजवी संधी देऊन झाली असं मानायचं, असं त्या कायद्याने ठरवून टाकलं. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी आपल्या कायद्याला आकड्यांची जोड दिली, आणि पुढे एकेक करत सगळ्या राज्यांनी तोच रस्ता धरला. माझ्या मते ग्राहक कायद्यांच्या इतिहासातली ही फार शहाणपणाची सुधारणा आहे. ग्राहकाला तज्ज्ञ व्हावं लागू नये, मोजता आलं तरी पुरे, अशी सोय तिने केली.

राज्याराज्यांत आकडे वेगळे आहेत, त्यामुळे एकच राज्य धरून सांगतो. एडिसन, आयझलिन, जर्सी सिटी या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, आणि न्यू जर्सीचा कायदा ग्राहकाच्या बाजूने चांगला खंबीर आहे. सध्याचा कायदा मुळात १९८८ चा. न्यू जर्सीत विकत घेतलेली, लीजवर घेतलेली किंवा तिथे नोंदवलेली गाडी त्यात येते. गाडी ताब्यात आल्यापासून दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यातलं जे आधी संपेल तेवढ्या मुदतीत बिघाड कळवलेला असला पाहिजे. त्याच मुदतीत एकाच बिघाडासाठी तीन किंवा अधिक वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण वीस किंवा अधिक दिवस दुरुस्तीपायी बंद राहिली आणि तरीही बिघाड कायम आहे, तर कंपनी हरली असं गृहीत धरलं जातं. बिघाड जिवावर बेतणारा असेल, म्हणजे ब्रेक लागत नाहीत, भर हायवेवर इंजिन बंद पडतं, तर एकच प्रयत्न पुरतो. मात्र त्यासाठी कंपनीला सर्टिफाइड मेलने एक पत्र पाठवून शेवटची एक संधी द्यावी लागते. त्या पत्राकडे पुढे येतोच.

बिघाडही तसा वजनदार हवा. गाडीचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता यांपैकी एकाला तरी मोठी बाधा येत असेल तरच तो धरला जातो. डॅशबोर्डमधली बारीक कुरकुर किंवा सीटच्या शिवणीतला दोरा यावर दावा टिकणार नाही. ग्राहकाने गाडीची हेळसांड केली, अपघात केला, किंवा परवानगीविना इंजिनात फेरफार केले, तर कंपनीला बचावाचा मुद्दा मिळतो. इथे एक समज खोडून काढायला हवा. 'ऑइल चेंज बाहेर केला की वॉरंटी गेली' असं काही डीलर बिनदिक्कत सांगतात आणि आपली माणसं घाबरतात. मॅग्नसन-मॉस कायद्याने अशी अट घालायला मनाई केली आहे. अमुकच दुकानात सर्व्हिसिंग करा असं बंधन कंपनी घालू शकत नाही, ते काम ती फुकट करून देत असेल तर गोष्ट वेगळी. ऑइल कुठेही बदला, पण पावती ठेवा. तारीख, मैल आणि वापरलेल्या ऑइलचा ग्रेड त्या पावतीवर असू द्या. देखभाल नीट केली नाही असा आरोप झाला, तर त्या पावत्याच उत्तर देतात.

आता काउंटरकडे. समजा, एडिसनमधल्या एका कुटुंबाने ३६,००० डॉलरची एसयूव्ही घेतली. चारेक हजार मैल झाल्यावर सकाळी थंड गाडी काढली की गिअर बदलताना मागून कुणी धडकल्यासारखा झटका बसू लागला. गाडी डीलरकडे नेली. सर्व्हिस ॲडव्हायझर हसतमुखाने विचारतो, काय प्रॉब्लेम आहे? आपण म्हणतो, 'चालवताना बरी वाटत नाही, जरा बघा.' तो टॅबवर काहीतरी टाईप करतो, आपण सही करतो आणि निघतो. संध्याकाळी फोन येतो, गाडी तयार आहे. हातात येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं : 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार सर्वसाधारण तपासणी. टेस्ट ड्राइव्ह घेतली. दोष आढळला नाही.' ही खेप जवळजवळ वाया गेली, कारण झटक्याचा उल्लेखच त्या कागदावर नाही. पुढच्या वेळी झटक्याची तक्रार नोंदवली, तर कंपनीच्या हिशेबी ती पहिली तक्रार ठरते.

या कागदाला तिथे रिपेअर ऑर्डर म्हणतात, आणि त्यात तीन ओळी महत्त्वाच्या असतात : ग्राहकाची तक्रार काय, तपासणीत कारण काय सापडलं आणि केलं काय. पहिली ओळ आपल्या ताब्यात असते. सही करण्याआधी ती वाचायची आणि अपुरी असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्यायची. ती अशी हवी : 'ग्राहकाचं म्हणणं : रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत, १५ ते २५ मैल वेगात, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना जोराचा झटका बसतो. रोज घडतं.' कधी, कुठल्या वेगात, किती वेळा हे सगळं त्यात आलं. निदान मात्र आपण करायचं नाही. 'ट्रान्समिशन खराब आहे' असं लिहिलं आणि तंत्रज्ञाला दोष दुसरीकडे सापडला, तर बिघाड वेगळा होता असं म्हणायला वाव मिळतो. लक्षण सांगायचं, आणि प्रत्येक खेपेला त्याच शब्दांत सांगायचं. कायद्याला एकच बिघाड पुन्हापुन्हा दाखवलेला हवा असतो. एकदा 'झटका', दुसऱ्यांदा 'आवाज' आणि तिसऱ्यांदा 'पिकअप नाही' असं लिहिलं गेलं, तर एका बिघाडाचे कागदोपत्री तीन होतात.

थंड गाडीतला दोष गरम गाडीत दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावं. सकाळी झटके देणारी गाडी आपण अर्धा तास चालवत नेतो आणि तंत्रज्ञ गरम इंजिनवर टेस्ट ड्राइव्ह घेतो. त्याला काही सापडत नाही, यात त्याची लबाडी असतेच असं नाही. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवायची, सकाळी थंड असताना तपासा असं ऑर्डरवर लिहून घ्यायचं, आणि शक्य असेल तर तंत्रज्ञाला शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवायचं. एवढं करूनही 'दोष आढळला नाही' असा शेरा आला तर नाराज व्हायचं कारण नाही. गाडी तक्रारीसह आणली होती आणि ती तशीच परत गेली, याचीच ती नोंद आहे. काहीच सापडलं नाही म्हणून कागद देत नाही, असं कुणी म्हणू लागलं तर मात्र हटून बसायचं. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार प्रत्येक खेपेला वाचता येईल असा तपशीलवार कागद मिळालाच पाहिजे. सांगितलेला बिघाड, केलेलं निदान आणि काम, गाडी आणली ती तारीख आणि मैल, परत मिळाली ती तारीख आणि मैल, हे सगळं त्यावर हवं.

तारखांचं मोल वीस दिवसांच्या हिशेबात कळतं. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवारसकट. सुटा भाग मागवलाय, तो यायला बारा दिवस लागले, तर ते बाराही दिवस धरायचे. वापरायला दुसरी गाडी दिली म्हणून आपली गाडी चालू होती असं होत नाही. डीलर कधीकधी म्हणतो, पार्ट येईपर्यंत गाडी घरी घेऊन जा, आला की फोन करू. सौजन्य म्हणून ते ठीक असतं, पण त्या काळात गाडी दुरुस्तीसाठी बंद होती हे मग दाखवता येत नाही. गाडी चालवणं धोक्याचं असेल तर ती नेऊच नये, आणि ती का नेत नाही हे ईमेलवर लिहून कळवावं. टो करून आणावी लागली तर टोची पावती त्याच फायलीत लावावी.

इलेक्ट्रिक गाड्यांनी या कागदपत्रांत एक नवी अडचण आणली आहे. तक्रार ॲपवर करायची, उत्तर ॲपवर यायचं, रात्री सॉफ्टवेअर अपडेट होऊन जायचं आणि सकाळी 'समस्या सोडवली आहे' असा निरोप. कधी तंत्रज्ञ दारात येऊन काम करून जातो. हाही दुरुस्तीचा प्रयत्नच आहे, पण हातात कागद येत नाही आणि ॲपमधला मजकूर काही महिन्यांनी सापडेलच असं नाही. प्रत्येक निरोपाचा स्क्रीनशॉट घ्यावा, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा व्हर्जन क्रमांक टिपावा, आणि दारात झालेल्या कामाचंही बिल मागून घ्यावं, ते शून्य डॉलरचं असलं तरी.

बाकीचा पुरावा आपला आपण गोळा करायचा. मोबाईलवर व्हिडिओ घेताना डॅशबोर्ड, पेटलेले दिवे आणि ओडोमीटर एकाच चौकटीत येईल असं बघावं. गाडी चालवत असताना नव्हे, शेजारी बसलेल्याने घ्यावा. एक साधी वही करावी : तारीख, मैल, काय झालं, कुणाशी बोललो. फोनवर झालेल्या बोलण्याचा सारांश त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने समोरच्याला पाठवला की तोंडी आश्वासनाला लेखी रूप येतं. संभाषण रेकॉर्ड करण्याच्या मोहात मात्र सावध राहायला हवं. न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते. कॅलिफोर्नियात समोरच्याला न सांगता खासगी बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.

याच सुमारास राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तासभर खर्च करावा. विंडशील्डखाली कोरलेला १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, टाकला की त्या गाडीवर रिकॉल आहे का ते कळतं. आपल्या मॉडेलवर इतरांनी केलेल्या तक्रारीही तिथे वाचता येतात. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कंपनीने डीलरांना पाठवलेली टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन. 'अमुक मॉडेलमध्ये थंड असताना गिअर बदलताना झटका बसल्यास तमुक करावे' असं बुलेटिन सापडलं, तर कंपनीला हा दोष आधीपासून ठाऊक होता हे तिच्याच कागदावरून दिसतं. पुढच्या खेपेला त्याचा क्रमांक रिपेअर ऑर्डरवर लिहून घ्यावा. फक्त एवढं लक्षात असू द्यावं की रिकॉल म्हणजे फुकट दुरुस्ती. रिकॉल निघाला म्हणून कंपनी गाडी परत घेत नाही.

आणि आता ते पत्र. आपल्याकडच्या बहुतेकांचं इथेच अडतं, कारण भांडण डीलरशी चालू असतं. मॅनेजरला चार शब्द सुनावले की आपल्याला वाटतं, कळवलं. दावा मात्र डीलरवर नसतो, तो गाडी बनवणाऱ्या कंपनीवर असतो, आणि कंपनीला आपण काहीच कळवलेलं नसतं. ओनर्स मॅन्युअलमध्ये किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेत कंपनीचा पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पत्र पाठवायचं. दोन प्रयत्न फसले की ते पाठवता येतं. जिवावर बेतणाऱ्या बिघाडात एका फसलेल्या प्रयत्नानंतर, आणि दिवसांच्या हिशेबात वीस दिवस भरले की. पत्र पानभराचंच असावं, त्यात राग नसावा. मजकूर साधारण असा :

'माझ्याकडे आपल्या कंपनीची अमुक वर्षाची, अमुक मॉडेलची गाडी असून तिचा व्हिन पुढीलप्रमाणे आहे. ती मी अमुक तारखेला अमुक डीलरकडून घेतली. थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना जोराचा झटका बसतो. या बिघाडासाठी गाडी पुढील तारखांना दुरुस्तीस दिली होती. रिपेअर ऑर्डरच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बिघाड अद्याप कायम आहे. न्यू जर्सी लेमन लॉनुसार हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत दुरुस्तीची शेवटची संधी मी आपल्याला देत आहे.'

खाली सही, फोन, पत्ता. मूळ कागद एकही पाठवायचा नाही, सगळ्या प्रतीच. काही दिवसांनी पोस्टातून हिरवं कार्ड परत येतं, त्यावर कंपनीत पत्र घेणाऱ्याची सही आणि तारीख असते. दहा दिवस त्या तारखेपासून मोजायचे. हे कार्ड फायलीत सर्वांत वर ठेवावं.

पत्र पोचलं की सहसा कंपनीचा माणूस फोन करतो आणि गाडी पुन्हा तपासायला मागतो. गाडी द्यायची. ती नाकारणं म्हणजे दावा आपल्या हाताने पाडणं आहे. या खेपेला गाडी खरोखर दुरुस्त झाली तर दावा तिथेच संपतो, आणि ते मला न्याय्य वाटतं. ग्राहकाला चालती गाडी हवी असते, ती त्याला मिळाली. झटका कायम राहिला तर पुढची पायरी.

याच टप्प्यावर तीन गोष्टी टाळायच्या. पहिलं, कंपनीच्या आमिषांना भुलणं : दोन हप्ते आम्ही भरतो, वॉरंटी तीन वर्षांनी वाढवून देतो, हजार डॉलरचा चेक घ्या. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात सगळे दावे सोडून दिल्याचं लिहिलेलं असू शकतं. वाचल्याशिवाय सही करू नये, आणि समजलं नाही तर वकिलाला दाखवावं. दुसरं, वैतागून गाडी दुसऱ्या डीलरला देऊन नवी घेणं. सदोष गाडीचा भाव पडलेला असतो, त्यामुळे नुकसान आपलंच, आणि परत करायला गाडीच हातात राहिली नाही की दावा लंगडा होतो. तिसरं, हप्ते थांबवणं. कर्ज बँकेचं आहे, तिचं गाडीच्या दोषाशी भांडण नाही. हप्ते चुकले तर आपली पत जाते आणि बँक गाडीही उचलून नेऊ शकते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत हप्ते आणि विमा दोन्ही चालू ठेवायचे.

पुढच्या पायरीसाठी न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागात लेमन लॉ युनिट आहे. अर्ज, कागदांच्या प्रती आणि ५० डॉलर फी. छाननीत अर्ज मान्य झाला की प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणीला लागतं, आणि त्यांच्या निर्णयावर विभागाचे संचालक शिक्कामोर्तब करतात किंवा तो बदलतात. वकिलाविनाही उभं राहता येतं. कंपनीच्या बाजूने वकील असतो हे मात्र धरून चालावं. आपला वकील करायचा तर कायद्यात त्याची सोय आहे : ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी आणि तज्ज्ञाचा खर्च कंपनीने द्यायचा. यामुळेच लेमन लॉचे अनेक वकील ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेत नाहीत. तरी करार वाचून घ्यावा. काही कंपन्या स्वतःची लवाद योजनाही पुढे करतात. तिचा निर्णय ग्राहकाला बांधत नाही, पण विरोधात गेला तर पुढे तो पुराव्यात येऊ शकतो. म्हणून तिथेही पूर्ण तयारीनिशीच जावं.

निकाल बाजूने लागला तर मिळतं काय? गाडीची किंमत, जुनी गाडी दिली असेल तर तिचे धरलेले पैसे, विक्रीकर, नोंदणीची फी, कर्जाचं व्याज आणि बदली गाडीच्या भाड्याचा खर्च. कंपनी दुसरी गाडी देऊ करू शकते, पण ती नाकारून पैसेच मागण्याचा हक्क न्यू जर्सीत ग्राहकाला आहे. यातून वापराचा मोबदला वजा होतो. त्याचं सूत्र असं : बिघाडासाठी गाडी पहिल्यांदा नेली तेव्हाचे मैल गुणिले किंमत, भागिले एक लाख. वरच्या उदाहरणात ४,२०० मैल आणि ३६,००० डॉलर धरले तर कपात १,५१२ डॉलर. ६.६२५ टक्के दराने २,३८५ डॉलरचा विक्रीकर मात्र परत. पहिल्या खेपेचं महत्त्व इथे पुन्हा दिसतं. 'बघू, होईल नीट' म्हणत तेच कुटुंब १२,००० मैलांवर पहिल्यांदा गेलं असतं, तर कपात ४,३२० डॉलर झाली असती. काउंटरवर 'झटका' हा शब्द नोंदवला गेला नाही त्या खेपेची किंमतही याच हिशेबात मोजावी.

आपल्या लोकांशी बोलताना एक भीती वारंवार ऐकू येते : व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची रांग चालू आहे, उगाच कायद्याच्या भानगडीत कशाला पडा. लेमन लॉ ग्राहकाचं नागरिकत्व विचारत नाही. गाडी विकत किंवा लीजवर घेणारा तो ग्राहक. वॉरंटीची अंमलबजावणी मागणं हा दिवाणी हक्क आहे, त्यात गुन्हा नाही की सरकारशी वैर नाही. तीस-चाळीस हजार डॉलर ही त्या घराची काही वर्षांची बचत असते, आणि ती सदोष यंत्रात अडकलेली असताना गप्प बसणं म्हणजे आपला तोटा करून कंपनीची सोय बघणं.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी आपले आकडे वेगळे धरावेत. तिथे १८ महिने किंवा १८,००० मैलांच्या आत एकाच बिघाडासाठी चार प्रयत्न, जिवावरच्या बिघाडात दोन, किंवा तीसहून अधिक दिवस बंद, असं गृहीतक आहे. कपातीच्या सूत्रात भागाकार एक लाख वीस हजारांनी होतो. कंपनीने जाणूनबुजून टाळाटाळ केली तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडही आहे. अलीकडे तिथे बरीच उलथापालथ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूळ वॉरंटीची काही मुदत शिल्लक आहे एवढ्यावरून जुनी घेतलेली गाडी या कायद्यापुरती 'नवी' ठरत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणि २०२५ च्या पूरक कायद्याने दाव्यांची एक वेगळी कार्यपद्धती आणली. ती स्वीकारायची की नाही हे कंपन्यांवर सोडलं आहे. ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्याविरुद्धचा दावा वॉरंटी संपल्यापासून एका वर्षात आणि गाडी मिळाल्यापासून सहा वर्षांत लावावा लागतो. दंड मागायचा तर तीस दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि गाडीही ताब्यात असावी लागते. आपल्या गाडीची कंपनी कोणत्या गटात आहे हे राज्याच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या यादीत पाहूनच पुढचं पाऊल टाकावं.

पुण्या-ठाण्याकडचे नातेवाईक हे ऐकून विचारतात, आपल्याकडे असं आहे का? भारतात लेमन लॉ नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि तो दुबळा नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगात, आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी चारशे रुपये. पण खेपांचा आणि दिवसांचा आकडा त्यात नाही, आणि उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकावर येतं. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. २००६ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला, कारण वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचीच हमी होती. म्हणून भारतात जॉब कार्डाच्या जोडीला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलची तरतूद आली, तशी खेपा मोजणारी तरतूदही यावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी. मोजता येणारा हक्क सामान्य माणसाला वापरता येतो, हे कनेटिकटने त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांपूर्वी दाखवलं आहे.

गाडी परत देण्याचा दिवस ठरला की काही बारीक कामं उरतात, आणि घाईत ती राहून जातात. कंपनीच्या पैशातून आधी बँकेचं उरलेलं कर्ज फिटतं आणि बाकी आपल्या हाती येते, म्हणून बँकेकडून त्या तारखेपर्यंतची देय रक्कम लेखी मागवून घ्यावी. गाडी देताना ओडोमीटरचा फोटो आणि ताबा दिल्याची सही घ्यावी. नंबर प्लेट न्यू जर्सीत मालकाची असते. ती काढून मोटार वाहन आयोगाकडे जमा करून पावती घ्यावी, विमा त्यानंतरच बंद करावा. काचेवरचा ई-झीपास काढून घ्यावा, नाहीतर पुढच्या चालकाचा टोल आपल्या खात्यातून जातो. गाडीच्या स्क्रीनमधून फोनचे नंबर, घराचा पत्ता आणि गॅरेजच्या दरवाजाची जोडणी पुसून टाकावी. वही, हिरवं कार्ड आणि रिपेअर ऑर्डर मात्र पैसे खात्यात जमा होऊन कर्ज बंद झाल्याचं पत्र येईपर्यंत जपून ठेवावेत.